बादली भरलेली, तरी रोप मलूल: घरातल्या हायड्रोपोनिक्समधली मूळकुज आणि खतांचे घोळ

एप्रिल-मे महिन्यात जळगाव, भुसावळ, धुळे पट्ट्यात घरात हायड्रोपोनिक्स (मातीशिवाय, खत विरघळवलेल्या पाण्यात रोपं वाढवणं) करणाऱ्यांची तक्रार साधारण एकाच साच्याची असते. लेट्यूस, पालक किंवा बेसिल पहिले तीन आठवडे छान वाढतं आणि मग एके दुपारी पानं लोंबतात. बादलीत पाणी काठोकाठ असतं, त्यामुळे पाणी कमी पडलं असं म्हणता येत नाही. मग खत कमी पडलं असेल असं समजून दोन चमचे खत जातं. दुसऱ्या दिवशी पानांच्या कडा करपतात आणि आठवड्याभरात रोप जातं. बादली धुऊन नवं बी लावलं तरी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पुन्हा तेच.

पुन्हा पुन्हा येणाऱ्या या दुखण्याची मुळं बहुतेक वेळा दोनच ठिकाणी सापडतात. पहिलं, तापलेल्या पाण्यात मुळाला हवा मिळत नाही. दुसरं, बोअरच्या पाण्यातले क्षार मीटरवर खत म्हणून मोजले जातात. या दोन्हींवर आणखी खत घालणं म्हणजे दुखणं वाढवणं. त्यामुळे मूळ उचलून बघितल्याशिवाय आणि चार आकडे कागदावर लिहिल्याशिवाय बादलीत काहीही टाकू नका. चार आकडे म्हणजे द्रावणाचं (खत विरघळवलेल्या पाण्याचं) तापमान, द्रावणाची ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप; इथले सगळे आकडे mS/cm मध्ये), द्रावणाचा पीएच (आम्लतेचं माप) आणि खत घालण्याआधीच्या साध्या पाण्याची ईसी. चौथा आकडा जवळजवळ कोणीच मोजत नाही, आणि निम्मे घोळ तिथेच असतात.

आधी मूळ बघा

नेट पॉट (रोप धरणारी जाळीदार कुंडी) उचला आणि मुळं उजेडात धरा. निरोगी मूळ पांढरं किंवा दुधी, ताठ असतं, बारीक फुटव्यांनी भरलेलं असतं आणि त्याला वास येत नाही किंवा ओल्या मातीसारखा येतो. कुजलेलं मूळ तपकिरी आणि बुळबुळीत असतं, त्याला गटारासारखा वास येतो. खात्री करायची असेल तर एक मूळ चिमटीत धरून हलकं ओढा. वरची साल मोज्यासारखी निसटली आणि आत दोऱ्यासारखा धागा उरला, तर ती पिथियमसारख्या (पाण्यात वाढणाऱ्या, बुरशीसारख्या) रोगजंतूची मूळकुज आहे.

इथे एक फसगत होते. ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेलं राहावं म्हणून बांधून ठेवलेलं लोह) वापरत असाल तर द्रावण लालसर दिसतं आणि मुळांवरही तांबूस छटा चढते. ती कुज नव्हे. मूळ ताठ असेल, साल निसटत नसेल आणि वास नसेल, तर रंगाकडे दुर्लक्ष करा.

रोप कधी मलूल होतं हेही बघा. दुपारी लोंबून संध्याकाळी ताठ होत असेल, तर मुळं अजून जिवंत आहेत, फक्त उन्हाळ्याच्या मागणीला पुरी पडत नाहीत. सकाळी सहाला, रात्रभर गारव्यात राहूनही पानं लोंबलेलीच असतील, तर मुळं गेलेली आहेत.

‘जास्त पाणी’ म्हणजे कमी हवा

मातीत जास्त पाणी दिलं की मातीतल्या पोकळ्या भरतात आणि मूळ गुदमरतं. हायड्रोपोनिक्समध्ये मूळ चोवीस तास पाण्यातच असतं, तरी जगतं, कारण त्या पाण्यात विरघळलेला प्राणवायू असतो. तो २० अंशाला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला साडेसात आणि ३५ अंशाला सात. ही घट ऐकायला मोठी वाटत नाही. पण पाणी १० अंशांनी तापलं की मुळाची प्राणवायूची गरज ढोबळमानाने दुप्पट होते. मागणी दुप्पट आणि पुरवठा कमी, वर पिथियमच्या उष्णता आवडणाऱ्या जाती ३० अंशांच्या आसपास झपाट्याने वाढतात. म्हणूनच जानेवारीत एअर पंपाशिवाय चाललेली बादली मे महिन्यात त्याच रचनेत दगा देते.

द्रावण १८ ते २४ अंशांत ठेवायचं. २६ पर्यंत चालतं आणि २८ च्या वर गेलं की मूळकुज कधी येते याची वाट बघायची. खानदेशात बाहेर पारा ४४ वर असताना गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी हाताला चटका देतं. ते पाणी तसंच बादलीत ओतलं की मुळांना धक्का बसतो. द्रावण बनवायचं किंवा पाणी वाढवायचं ते पहाटे, आणि पाणी रात्रभर घरात झाकून ठेवलेलं.

गार ठेवण्यासाठी महागडा चिलर घ्यायची गरज नाही. बादली पसरट घमेल्यात ठेवा, घमेल्यात चार बोटं पाणी आणि बादलीभोवती ओलं गोणपाट. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी असते, त्यामुळे माठासारखाच परिणाम होतो आणि पाणी काही अंशांनी उतरतं. पावसाळ्यात दमट हवेत ही युक्ती निकामी ठरते, पण तेव्हा गरजही कमी असते. द्रावण थेट मातीच्या माठात ठेवू नका. पाणी पाझरून उडतं, क्षार मागे राहतात, माठाच्या अंगावर पांढरा थर येतो आणि ईसीचा हिशेब बिघडतो.

गोठवलेली बाटली हा दुसरा उपाय. २० लिटर द्रावण ३२ अंशांवर असेल तर एक लिटरची गोठवलेली बंद बाटली ते साधारण ५ अंशांनी खाली आणते. एक बाटली सकाळी अकराला, दुसरी अडीचला. बर्फ मोकळा टाकू नका, द्रावण पातळ होतं. बादलीला बाहेरून पांढरा रंग द्या, पण त्याखाली काळा थर हवा, नाहीतर उजेड आत शिरतो आणि शेवाळ वाढतं. शेवाळ रात्री प्राणवायू खातं.

कूलर असलेल्या खोलीत रोपं ठेवणं चांगलं, मात्र झोत थेट पानांवर नको. आणि कूलरच्या टाकीत उरलेलं पाणी बादलीत कधीही नको. बाष्पीभवनाने त्यातले क्षार साठत गेलेले असतात. कितीही ‘पाणी वाया जातं’ वाटलं तरी नाही.

कोणत्या पद्धतीत काय चुकतं

क्रॅटकी, म्हणजे पंप नसलेली बादली. इथली नेहमीची चूक पाणी वाढवण्याची. सुरुवातीला पाणी नेट पॉटच्या तळाला टेकेल इतकं असतं. पाणी उतरत जातं तशी वरची मुळं हवेत राहतात, त्यांच्यावर लव येते आणि ती हवेतून प्राणवायू घेऊ लागतात. महिन्याभराने कोणीतरी प्रेमाने बादली पुन्हा काठोकाठ भरतं. हवेची सवय झालेली मुळं बुडतात आणि दोन दिवसांत रोप मान टाकतं. पाणी वाढवायचंच असेल तर मुळांचा खालचा एक तृतीयांश भाग बुडेल इतकंच. पानं जास्त आणि उन्हाळा कडक असेल तर या पद्धतीसाठी लहान बरणी वापरू नका. पातळी दोन दिवसांत बदलते आणि द्रावण लगेच तापतं.

पंप लावलेल्या बादलीत दर चार लिटर द्रावणामागे मिनिटाला एक लिटर हवा धरा. २० लिटरला मिनिटाला ५ लिटर देणारा मत्स्यालयाचा पंप पुरतो. बुडबुडे कमी झाले तर पंप बिघडला असं मानण्याआधी एअर स्टोन (नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) बघा. आपल्या जड पाण्यात त्याची छिद्रं चुन्याने बुजतात. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून, स्वच्छ धुऊन, कोरडा करून लावा. पंप खिडकीत किंवा पत्र्याजवळ ठेवला असेल तर तो गरम हवा ओढून पाणी तापवतो. तो घरातल्या गार कोपऱ्यात हलवा.

एनएफटी, म्हणजे उतरत्या पाईपमधून मुळांखालून द्रावणाचा पातळ थर सतत वाहवण्याची पद्धत. तिच्या पाईपमध्ये पाण्याचा थर दोन-तीन मिलिमीटरचाच हवा. उतार दर मीटरला अडीच ते तीन सेंटिमीटर आणि प्रवाह एका पाईपला मिनिटाला एक ते दोन लिटर. पाईपच्या मधोमध पाणी तुंबलेलं दिसलं तर पाईप वाकलाय किंवा मुळांची जाळी झालीय. तुंबलेल्या जागेच्या पुढची रोपं आधी पिवळी पडतात, ही खूण लक्षात ठेवा.

कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) मात्र खरंखुरं ‘जास्त पाणी’ होतं, कारण ते स्पंजासारखं पाणी धरतं. घरात उजेड कमी, म्हणून रोप पाणीही कमी पितं, आणि टायमर मात्र उन्हातल्या हिशेबाने लावलेला. कुंडी भरपूर पाणी देऊन निथळल्यावर तोला आणि आकडा लिहा. वजन त्यापेक्षा साधारण चौथ्या हिश्शाने उतरलं की पुढचं पाणी द्या. दरवेळी खालून १० ते २० टक्के पाणी निथळून गेलं पाहिजे आणि ते ताटलीत साचता कामा नये. वरचा थर कायम ओला असेल तर काळी चिलटं येतात, त्यांच्या अळ्या मुळं कुरतडतात. पिवळे चिकट सापळे लावा, पण इलाज म्हणजे वरचा थर सुकू देणं. पाणी फारच धरून राहत असेल तर पुढच्या वेळी ३० टक्के परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) मिसळा.

नव्या कोकोपीटची एक वेगळी खोड आहे. त्यात सोडियम आणि पोटॅशियम अडकलेलं असतं आणि ते सोडून कोकोपीट तुमच्या खतातलं कॅल्शियम धरून बसतं. रोपावर मात्र कॅल्शियमची उणीव दिसते. पाच किलोचा ठोकळा आधी साध्या पाण्यात फुगवून दोनदा धुवा. मग १०० ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात २४ तास भिजवा आणि पुन्हा धुवा.

मूळकुज झालीच तर

मुळांचा दोन तृतीयांशापेक्षा जास्त भाग गेला असेल तर रोप वाचवायच्या नादी लागू नका. लेट्यूस पाच-सहा आठवड्यांचं पीक आहे, नवं लावणं स्वस्त पडतं. त्यापेक्षा कमी गेलं असेल तर असं करा:

१. जुनं द्रावण फेकून द्या. बादली, नेट पॉट, नळ्या, एअर स्टोन ब्रशने घासा. ४ टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट लिटरमागे २ मिली घालून अर्धा तास भिजवा आणि दोनदा स्वच्छ पाण्याने धुवा. हे ब्लीच आणि पीएच कमी करायचं ॲसिड एकत्र येऊ देऊ नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

२. मुळं हलक्या धारेखाली धुवा. साल निसटलेली, बुळबुळीत मुळं स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा. बाहेरची एक तृतीयांश पानंही काढा. उरलेल्या मुळांना एवढ्या पानांना पाणी पुरवता येत नाही.

३. नवं द्रावण अर्ध्या ताकदीचं बनवा. पाण्याच्या ईसीवर ०.६ ते ०.८ ची भर, पीएच ५.८, तापमान २४ च्या आत.

४. हायड्रोजन पेरॉक्साइड घाला. इथे बाटलीवरचा आकडा वाचा. परदेशी माहितीत ३ टक्क्यांच्या पेरॉक्साइडचं प्रमाण दिलेलं असतं, लिटरमागे ३ मिली. आपल्या मेडिकलमध्ये मिळणारी बाटली बहुतेक वेळा ६ टक्क्यांची असते, म्हणून लिटरमागे दीड मिली. २० लिटरला ३० मिली. तीन दिवसांनी एकदा पुन्हा, बस्स. पेरॉक्साइड चिलेटेड लोहही मोडतं, म्हणून ते रोजची सवय करू नका.

५. घरात रोपांसाठी लावलेले दिवे तीन दिवस रोज १० तासांवर आणा, नंतर पुन्हा १४.

पाच ते सात दिवसांत मुळांच्या बुंध्याशी नवी पांढरी टोकं दिसली तर रोप जगलं. ट्रायकोडर्मा (मित्रबुरशी) किंवा बॅसिलस (मित्रजिवाणू) वापरायचं असेल तर पेरॉक्साइडनंतर किमान पाच दिवसांनी. आधी मारायचं आणि त्याच पाण्यात लगेच मित्रजीव सोडायचे, याला अर्थ नाही. आणि शेतात केळीला किंवा पपईला आळवणीसाठी आणलेलं बुरशीनाशक इथे ओतू नका. ही पानं आठ दिवसांत कच्ची खायची आहेत.

मूळ कुजण्याऐवजी खोड पाण्याच्या रेषेवर काळं पडून मऊ झालं असेल, तर नेट पॉटमध्ये ठासलेलं ओलं कोकोपीट कारण असतं. क्ले बॉल (भाजलेल्या मातीच्या गोळ्या) भरा आणि खोडाचा गळा कोरडा राहू द्या.

मीटर बरोबर दाखवतो, रोप उपाशी राहतं

आता पाण्याचा घोळ. समजा बोअरच्या पाण्याची ईसी १.२ आहे. लेट्यूसला १.५ हवी म्हणून तुम्ही खत घालत गेलात आणि मीटरवर १.५ आल्यावर थांबलात. प्रत्यक्षात रोपाला खताचे फक्त ०.३ मिळाले, बाकी सगळं पाण्यातलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट, सोडियम आणि क्लोराइड. रोप फिकट पडतं. मग तुम्ही मीटर २.५ वर नेता आणि आता सोडियम-क्लोराइडसकट एकूण क्षार इतके होतात की मूळ पाणी ओढू शकत नाही. आधी उपासमार, मग करपणं.

साध्या पाण्याची ईसी ०.४ च्या आत असेल तर निर्धास्त वापरा. ०.४ ते ०.८ मध्ये कॅल्शियम नायट्रेट थोडं कमी करून चालतं. ०.८ च्या वर असेल तर आरओचं पाणी मिसळा. १.२ चं बोअर आणि ०.१ चं आरओ निम्मं-निम्मं मिसळलं की ०.६५ येतं. आरओ मशीनच्या दुसऱ्या नळीतून येणारं टाकाऊ पाणी भांडी घासायला ठीक, रोपांना नको. शहरात दोन-तीन दिवसांआड येणारं नळाचं पाणी बोअरपेक्षा सहसा हलकं असतं. ते रात्रभर उघड्या बादलीत ठेवलं की मोकळा क्लोरीन उडतो. पावसाचं पाणी साठवता आलं तर उत्तमच, पहिले दोन पाऊस सोडून.

मीटर कोणता आहे तेही बघा. टीडीएसचे (एकूण विरघळलेल्या क्षारांचे) स्वस्त पेन बहुधा ईसीला ५०० ने गुणून पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) दाखवतात, काही ७०० ने. ईसी १.५ म्हणजे एका पेनावर ७५० आणि दुसऱ्यावर १,०५०. दोघांनी एकमेकांचे आकडे ऐकून खत घातलं की एकाचं रोप उपाशी आणि दुसऱ्याचं करपलेलं. ईसीतच बोला.

पीएच ५.५ ते ६.५ मध्ये हवा. आज ५.८ केला आणि उद्या पुन्हा ७ च्या पुढे गेला, तर पाण्यात बायकार्बोनेट (पीएच वर ओढणारा क्षार) भरपूर आहे. इथे फॉस्फोरिक ॲसिड ओतत राहण्याचा मोह होतो आणि तो अंगाशी येतो. लिटरमागे ४ मिलिइक्विव्हॅलंट (पाणी तपासणीच्या अहवालातलं एकक) बायकार्बोनेट मारायला लागणाऱ्या फॉस्फोरिक ॲसिडमधून सुमारे १२० पीपीएम फॉस्फरस पाण्यात जातो. रोपाला ३० ते ५० पुरतो. जास्तीचा फॉस्फरस लोह आणि जस्त अडवतो आणि कॅल्शियमबरोबर पांढरा गाळ होऊन तळाशी बसतो. नवी पानं पिवळी दिसतात आणि दोष लोहावर जातो. नायट्रिक ॲसिड तांत्रिकदृष्ट्या बरं, पण घरात बाळगण्यासारखी ती वस्तू नव्हे. जड पाण्यावर घरगुती उपाय एकच, आरओ किंवा पावसाचं पाणी मिसळून बायकार्बोनेट कमी करणं आणि उरलेल्यासाठी थोडं फॉस्फोरिक ॲसिड. ८५ टक्क्यांचं ॲसिड १० मिली घेऊन ९० मिली पाण्यात घाला. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये नाही. हातमोजे आणि चष्मा हवाच. हे पातळ केलेलं ॲसिड एकेक मिलीने बादलीत घालत, ढवळत पीएच मोजा.

लिंबूसत्त्वाने पीएच लगेच उतरतो, पण पाण्यातले जिवाणू ते खातात आणि एक-दोन दिवसांत पीएच परत वर. शिवाय त्या खाण्यावर बुळबुळीत थर वाढतो. व्हिनेगरचंही तेच. पीएचचा पेन दर महिन्याला ६.८६ आणि ४ च्या बफरमध्ये (ठरलेल्या पीएचच्या तपासणी द्रावणात) तपासा. काचेचा गोळा सुकला की पेन बिनदिक्कत खोटं बोलतो.

ठिबकची सवय आणि १९:१९:१९

खानदेशात ठिबकवर केळी किंवा कापूस असलेल्या घरात १९:१९:१९ ची पिशवी असतेच, आणि हायड्रोपोनिक्सला पहिलं खत तेच (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅश प्रत्येकी १९ टक्के असलेलं) जातं. शेतात ते छान चालतं. पण त्यातला निम्म्याहून जास्त नायट्रोजन युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू युरियाचं अमोनियम आणि मग नायट्रेट करतात. बादलीत ते जिवाणू पुरेसे नसतात, आणि तापलेल्या, हवा कमी असलेल्या पाण्यात अमोनियम तसंच साठून मुळं जाळतं. युरिया ईसी मीटरवर दिसतही नाही. वर त्यात कॅल्शियम नाही, मॅग्नेशियमही नाही. शेतात ते मातीतून आणि पाण्यातून मिळतं, आरओच्या पाण्यात कुठून मिळणार?

पालेभाज्यांसाठी २० लिटर द्रावणाचा हिशेब असा. सगळी खतं कृषी सेवा केंद्रात मिळतात:

कॅल्शियम नायट्रेट १४ ग्रॅम
१३:०:४५ (पोटॅशियम नायट्रेट) ७ ग्रॅम
०:५२:३४ (मोनोपोटॅशियम फॉस्फेट) साडेतीन ग्रॅम
मॅग्नेशियम सल्फेट ८ ग्रॅम
लोह ईडीटीए १२ टक्के ०.४ ग्रॅम, किंवा लोह ईडीडीएचए ६ टक्के ०.८ ग्रॅम
हायड्रोपोनिक्ससाठीचं सूक्ष्म अन्नद्रव्य मिश्रण, पाकिटावरच्या प्रमाणात

यातून पाण्याच्या ईसीवर साधारण दीडची भर पडते. लहान रोपांना याच्या एक तृतीयांश, मोठ्या लेट्यूसला हिवाळ्यात पूर्ण आणि एप्रिल-मेमध्ये दोन तृतीयांश. उन्हाळ्यात रोप खतापेक्षा पाणी जास्त पितं, म्हणून द्रावण पातळ हवं. उन्हाळ्यात भूक वाढते असं समजून बरेच जण उलटं करतात. तोलायला सोनं तोलण्याचा छोटा काटा लागतो, ०.०१ ग्रॅम दाखवणारा. चमच्याच्या मापात लोह घालू नका.

फवारणीच्या ग्रेडचं सूक्ष्म अन्नद्रव्य घरात असेल तर त्याने लोहाची गरज भागवू नका. त्यात जस्त लोहाइतकं किंवा जास्त असतं, तांबंही बरंच. लोह पुरेल इतकं घातलं की तांब्याने मुळं आखडतात. पाण्याचा पीएच ६.५ च्या वर जात राहत असेल तर ईडीटीए लोह सोडतं. तिथे ईडीडीएचए घ्या.

खतं मिसळण्याचा क्रम चुकला की सगळं फुकट. कॅल्शियम नायट्रेट एका मगात विरघळवा. बाकीची दुसऱ्या मगात. पाण्याने भरलेल्या बादलीत आधी दुसरा मग ओता, ढवळा आणि नंतर पहिला. दोन्ही घट्ट द्रावणं थेट एकत्र आली तर कॅल्शियम सल्फेट आणि फॉस्फेटचा पांढरा गाळ होतो. तळाशी दह्यासारखं काही दिसलं तर तेच. ते पुन्हा विरघळत नाही, ओतून द्या.

रोज सकाळी ईसी काय सांगते

पाण्याची पातळी आणि ईसी एकत्र वाचा. पातळी उतरली आणि ईसी चढली, तर द्रावण घट्ट आहे. फक्त साधं पाणी वाढवा. पातळी उतरली आणि ईसीही उतरली, तर रोपाला भूक आहे. ठरलेल्या ताकदीचं द्रावण घाला. पातळी उतरूनही ईसी तिथेच असेल तर प्रमाण बरोबर बसलंय. पातळीच उतरत नसेल आणि रोप मलूल असेल, तर पुन्हा वर जा आणि मुळं बघा. पीएच रोज थोडा चढणं हे नायट्रेट खाणाऱ्या रोपाचं साधं लक्षण आहे. अचानक खाली घसरणं मात्र अमोनियम साठल्याची किंवा मुळं कुजायला लागल्याची खूण.

वाढवलेल्या पाण्याची बेरीज बादलीच्या मापाइतकी झाली की द्रावण पूर्ण बदला. २० लिटरच्या बादलीत साधारण १० ते १५ दिवसांनी ती वेळ येते. रोपं न वापरणारे क्षार तोवर साठलेले असतात. जुनं द्रावण परसातल्या केळीला घाला, तिला ते चालतं.

पानं वाचताना

जुन्या, खालच्या पानांवर लक्षण असेल तर नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम. रोप ही अन्नद्रव्यं जुन्या पानांतून काढून नव्याला देतं. लक्षण वरच्या कोवळ्या पानांवर असेल तर लोह, कॅल्शियम किंवा बोरॉन, जी हलवता येत नाहीत. खालचं पान सगळंच एकसारखं पिवळं म्हणजे नायट्रोजन. खालचं पान पिवळं पण शिरा हिरव्या म्हणजे मॅग्नेशियम. खालच्या पानाच्या कडा भाजल्यासारख्या म्हणजे पोटॅशियम, किंवा ईसी जास्त. नवं पान पिवळं आणि शिरा हिरव्या म्हणजे लोह, पण आपल्याकडे बहुतेक वेळा बादलीत लोह असतंच, पीएच चढलेला असतो. आधी पीएच ५.८ करा आणि चार दिवस थांबा. पिवळं पडलेलं जुनं पान पुन्हा हिरवं होईलच असं नाही, नवं पान कसं येतं ते बघा.

डिसेंबर-जानेवारीत पानं जांभळी पडली तर फॉस्फरस वाढवायची घाई नको. रात्रीच्या थंडीत द्रावण १५ अंशांच्या खाली गेलं की मुळं फॉस्फरस नीट उचलत नाहीत. बादली फरशीवरून उचलून लाकडी पाटावर किंवा थर्माकोलवर ठेवली की बरेचदा आठवड्याभरात फरक पडतो.

लेट्यूसच्या गाभ्यातल्या कोवळ्या पानांची टोकं काळी पडणं हा कॅल्शियमचाच प्रश्न, पण बादलीत कॅल्शियम कमी आहे असा त्याचा अर्थ सहसा नसतो. कॅल्शियम पाण्याबरोबर वर जातं आणि पाणी तिकडेच जातं जिथून ते उडतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत, बंद खोलीत, गाभ्याच्या पानांतून पाणी उडतच नाही. टोकांवर हलका पंखा फिरवा, ईसी ०.२ ने कमी करा आणि दिवे दोन तास कमी. उन्हाळ्यात कूलरच्या झोतात नेमकं उलटं होतं. बाहेरची पानं सगळं पाणी ओढतात आणि गाभा कोरडा पडतो. तेव्हा पंखा वाढवायचा नाही, झोत वळवायचा.

वीज गेली तर

एनएफटीमध्ये पाणी थांबलं की ४० अंशांच्या दुपारी तासाभरात पानं लोंबू लागतात. पाईपच्या खालच्या टोकाला छोटा अडथळा बसवून तळात एक सेंटिमीटर पाणी कायम राहील अशी सोय केली तर काही तास निघतात. बादलीत जास्त वेळ मिळतो, पण द्रावण ३० अंशांवर असेल तर तोही कमी. मोबाईलच्या पॉवर बँकवर चालणारा छोटा यूएसबी पंप जवळ ठेवा. आणि एअर पंप नेहमी पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा किंवा नळीत एकमार्गी व्हॉल्व्ह बसवा. वीज जाताच पाणी नळीतून उलटं चढतं, पंपात शिरतं आणि मग वीज आली तरी बुडबुडे येत नाहीत.